गौण खनिज, गौण वनोपज आणि ग्रामसभा : सूरजागड (जि. गडचिरोली) येथील लोहखनिज उत्खननाचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश :
गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यातील सूरजागड डोंगरावर २००७ मध्ये लोहखनिजाचा खाणपट्टा मंजूर झाला. हा डोंगर माडिया गोंड या आदिम जमातीचे उपासनास्थान आणि उपजीविकेचा आधार आहे. प्रस्तुत शोधनिबंधात या प्रश्नाची मुळे १८५४ नंतरच्या वनप्रशासनापर्यंत शोधली आहेत. आदिवासींना कायद्याने जे हक्क टप्प्याटप्प्याने दिले, ते बहुतांशी 'गौण' म्हणून वर्गीकृत केलेल्या वस्तूंवरचे होते. 'प्रमुख' ठरलेल्या वस्तूंवरील निर्णयाधिकार शासनाकडेच राहिला, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : सूरजागड, माडिया गोंड, निस्तार, पेसा, वनहक्क, गौण खनिज, गौण वनोपज, ग्रामसभा.

प्रस्तावना :

शिरूर आणि दौंड या तालुक्यांच्या सीमेवरून भीमा वाहते; शिरूरच्या उत्तर-पूर्व अंगाने घोड नदी वाहते. या दोन्ही नद्यांच्या काठच्या गावांना उत्खनन म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. वाळूचे लिलाव, रात्रीच्या वाहतुकीने उखडलेले रस्ते, नदीपात्रातील यांत्रिक बोटी, पात्र खोल गेल्याने तळ गाठणाऱ्या विहिरी आणि महसूल खात्याच्या कारवाया हा या भागाच्या गेल्या काही दशकांच्या सामाजिक इतिहासाचा भाग आहे. वाळू हे कायद्याच्या भाषेत 'गौण खनिज' होय. बांधकामासाठी, घरासाठी, पुलासाठी तिच्याशिवाय चालत नाही. तरीही ती 'गौण' का, असा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

हाच शब्द महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, गडचिरोलीच्या अरण्यात, फार निर्णायक ठरला आहे. तेथील ग्रामसभेला वाळू, मुरूम, दगड या गौण खनिजांबाबत कायद्याने शब्द दिला आहे; परंतु ज्या लोहखनिजासाठी डोंगर फोडला जातो, त्याबाबत तसा शब्द दिलेला नाही. एका वर्गीकरणाने एका समाजाचे भवितव्य कसे ठरते, हे पाहण्यासाठी सूरजागडचा इतिहास अभ्यासणे आवश्यक आहे.

संशोधनाची उद्दिष्टे :

१. चांदा (आजचे चंद्रपूर व गडचिरोली) प्रदेशातील वनहक्कांच्या ऐतिहासिक स्थित्यंतराचा आढावा घेणे.
२. वन व खनिजविषयक कायद्यांतील 'प्रमुख' आणि 'गौण' या वर्गीकरणाचा आदिवासींच्या हक्कांशी असलेला संबंध तपासणे.
३. सूरजागड येथील उत्खननाचे स्थानिक समाजजीवनावरील परिणाम समजून घेणे.

गृहीतक व अभ्यासपद्धती :

आदिवासींच्या वनभूमीवरील खाणकामाचा प्रश्न हा केवळ कायद्याच्या अंमलबजावणीतील त्रुटींचा नसून कायद्याच्या रचनेतच त्याची मुळे आहेत, हे या अभ्यासाचे गृहीतक आहे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायदे, न्यायनिर्णय, शासकीय प्रक्रिया आणि प्रसिद्ध वृत्तांत या दुय्यम स्वरूपाच्या सामग्रीचा आधार घेतला आहे.

१. निस्तारापासून राखीव वनापर्यंत (१८५४ ते १९५१)

चांद्यावर दीर्घकाळ गोंड राजांची सत्ता होती. अठराव्या शतकाच्या मध्यात ती नागपूरकर भोसल्यांकडे गेली. १८५३ च्या अखेरीस तिसरे रघुजी भोसले निधन पावले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. त्यानंतर अवघ्या चार वर्षांत या अरण्यात उठाव झाला. मोलमपल्लीचे गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. सूरजागडच्या परिसरातील लोकस्मृतीत त्यांचे नाव आजही या डोंगराशी जोडलेले आहे.

१८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली. आजच्या एटापल्ली तालुक्याचा बराचसा भाग तेव्हा अहेरीच्या जमीनदारीत मोडत असे. या जमीनदारीत जंगलाची मालकी कागदोपत्री जमीनदाराची असली, तरी रयतेला घरासाठी लाकूड, बांबू, गवत, सरपण घेण्याची आणि गुरे चारण्याची मुभा होती. या मुभेला 'निस्तार' म्हणत. मध्य प्रांतात जमाबंदीच्या वेळी गावाच्या रूढी 'वाजिब-उल-अर्ज' या दस्तऐवजात नोंदवल्या जात व त्यांत निस्ताराचाही समावेश असे. निस्तार ही कोणाची कृपा नव्हती; ती गावाच्या जगण्याची रीत होती.

याच काळात देशभर रेल्वेचे जाळे पसरत होते आणि रुळांखालच्या लाकडी स्लीपरांसाठी सागवान व सालाची मागणी वाढत होती. १८६४ मध्ये डीट्रिच ब्रँडिस यांच्या नेतृत्वाखाली वनखाते सुरू झाले आणि १८६५ मध्ये पहिला वन कायदा आला. १८७८ मध्ये दौंड-मनमाड हा लोहमार्ग सुरू झाला. त्याच वर्षी भारतीय वन कायदा मंजूर झाला, हा योगायोग असला तरी बोलका आहे. ज्या काळाने दौंडला जंक्शन म्हणून घडवले, त्याच काळाने अरण्यातील गावांचे जंगल 'राखीव' केले.

१८७८ च्या कायद्यापूर्वी झालेला वाद इतिहासाच्या अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगा आहे. बेडन-पॉवेल यांच्या मते सरकारने लेखी मान्य केलेला उपभोग तेवढाच 'हक्क'. बाकी सारी 'सवलत'. ब्रँडिस यांची भूमिका तुलनेने मध्यममार्गी होती आणि गावाकडे काही जंगल राहावे असे त्यांना वाटे. कायद्यावर छाप पडली ती बेडन-पॉवेल यांच्या विचाराची. या कायद्याने जंगलांचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे तीन वर्ग केले. प्रत्यक्षात ग्रामवनाचा वर्ग बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिला. हक्काचे सवलतीत रूपांतर होण्याची ही सुरुवात होय.

स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये जुन्या मध्य प्रदेशात मालगुजारी व जमीनदारी नष्ट झाली. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही मुक्ती होती. परंतु जमीनदारीतील जंगले शासनाकडे निहित होऊन पुढे १९२७ च्या वन कायद्याच्या कक्षेत आली. जमीनदार गेला, वनरक्षक आला. माडियांच्या 'पेंडा' या फिरत्या शेतीवर बंधने आली. १९५६ मध्ये हा जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात, १९६० मध्ये महाराष्ट्रात आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी स्वतंत्र गडचिरोली जिल्हा म्हणून नव्या नकाशात आला. शतकभरात राज्ये बदलली, राजधान्या बदलल्या. जंगलावरच्या शासकीय मालकीची कल्पना मात्र अबाधित राहिली.

२. चांद्याचे लोखंड : एक जुनी ओढ

चांद्याच्या लोखंडाकडे उद्योगजगताचे लक्ष गेले ते आजचे नव्हे. स्थानिक कारागीर मातीच्या लहान भट्ट्यांत लाकडी कोळशावर लोखंड गाळत आणि त्यातून नांगराचे फाळ, कुऱ्हाडी, बाणांची टोके घडत. आयात लोखंड आणि राखीव वनांतील कोळसाबंदी यांमुळे मध्य प्रांतातील असे व्यवसाय क्षीण होत गेले.

१८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्ट्झ या तज्ज्ञाने चांदा जिल्ह्यातील लोहोद्योगाच्या शक्यतेवर अहवाल दिला. जमशेटजी टाटांच्या मनात पोलाद कारखान्याची कल्पना रुजण्यास हा अहवाल कारणीभूत ठरला. पुढे दोराबजी टाटा आणि अमेरिकन भूशास्त्रज्ञ सी. एम. वेल्ड यांनी या जिल्ह्यातील लोहारा येथील खनिजाची पाहणी केली. खनिज उत्तम होते. परंतु वरोऱ्याचा कोळसा पोलादनिर्मितीस लागणारा कोक देण्यास योग्य नव्हता. शोध पूर्वेकडे वळला आणि साकची येथे कारखाना उभा राहिला. चांद्याचे डोंगर तेव्हा वाचले ते कोणाच्या हक्कामुळे नव्हे, तर कोळशाच्या उणिवेमुळे. डोंगराखाली राहणाऱ्यांना विचारण्याचा प्रश्न त्या वेळी कोणाच्या मनातही आला नव्हता.

३. 'गौण' या शब्दाचे राजकारण

१९५७ च्या खाणी व खनिजे (विकास व विनियमन) अधिनियमाने बांधकामाचा दगड, खडी, साधी माती, साधी वाळू इत्यादींना 'गौण खनिज' ठरवले आणि त्यांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला. लोखंड, मँगनीज, बॉक्साइट यांसारखी खनिजे 'प्रमुख' गणली जाऊन त्यांवर केंद्राचे नियंत्रण राहिले. हे वर्गीकरण प्रशासकीय सोयीचे होते. पुढे मात्र त्याला घटनात्मक महत्त्व आले.

भूरिया समितीच्या शिफारशींनंतर डिसेंबर १९९६ मध्ये पंचायत (अनुसूचित क्षेत्रांवर विस्तार) अधिनियम, अर्थात 'पेसा', मंजूर झाला. गावाला आपली परंपरा, साधनसंपत्ती आणि तंटे यांचा निर्णय स्वतः घेता यावा, ही या कायद्याची प्रेरणा होती. अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजांचा पट्टा किंवा लिलाव करण्यापूर्वी ग्रामसभेची अथवा योग्य स्तरावरील पंचायतीची शिफारस या कायद्याने बंधनकारक केली. प्रमुख खनिजांचा उल्लेख मात्र या तरतुदीत नाही. भूसंपादनापूर्वी सल्लामसलत करण्याची तरतूद आहे. पण सल्ला म्हणजे संमती नव्हे. परिणामी एटापल्लीच्या एखाद्या नाल्यातील वाळू उचलायची तर ग्रामसभेची शिफारस हवी आणि त्या नाल्याचा उगम ज्या डोंगरात आहे तो फोडायचा तर 'पेसा'नुसार ती नको, अशी विसंगत स्थिती निर्माण झाली.

वनोपजाबाबतही हेच घडले. 'पेसा'ने गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेस दिली. महाराष्ट्राने १९९७ मध्ये त्यासाठी कायदा केला, पण बांबू आणि तेंदू यांना त्यातून वगळले. आदिवासींच्या हाती रोख पैसा देणारे हे दोन पदार्थ अशा रीतीने 'गौण' या व्याख्येतूनही निसटले. जे किफायतशीर ते शासनाचे, जे उरले ते गावाचे, असा त्याचा व्यावहारिक अर्थ झाला. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू व तेंदूसह वनस्पतिजन्य सर्व लाकडेतर उपज गौण वनोपजात आणला, तेव्हा ही उणीव दूर झाली.

येथे एक विरोधाभास नोंदवणे आवश्यक आहे. १९२७ च्या वन कायद्यातील 'वनोपज' या संज्ञेत जंगलातून निघणारे दगड, माती आणि खाणींतील उत्पादनेही समाविष्ट आहेत. म्हणजे नियंत्रण आणि शुल्कवसुली करायची असेल तेव्हा खनिज हे 'वनोपज' ठरते. हक्क द्यायचा असेल तेव्हा वनोपज केवळ 'वनस्पतिजन्य' उरते. एकाच जंगलाकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी आहेत आणि त्या दोहोंच्या मधल्या फटीत सूरजागडचा डोंगर उभा आहे.

न्यायालयीन पातळीवर ११ जुलै १९९७ च्या 'समता' निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातील अनुसूचित क्षेत्रांत खाजगी कंपन्यांना दिलेले खाणपट्टे अवैध ठरवले. हा निर्णय त्या राज्याच्या विशिष्ट विनियमावर आधारलेला असल्याने इतर राज्यांत त्याचा प्रभाव मर्यादित राहिला.

४. सूरजागड : २००७ आणि नंतर

२००७ हे वर्ष या विषयाच्या इतिहासात विलक्षण आहे. त्या वर्षी १३ सप्टेंबर रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मूलनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. मूलनिवासींच्या भूमीवरील प्रकल्पांसाठी त्यांची 'मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमती' मिळवण्याचे तत्त्व त्यात आहे. भारताने या जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिले. त्या वर्षाच्या अखेरच्या दिवशी, ३१ डिसेंबर रोजी, वनहक्क कायदा अमलात आला. आणि त्याच वर्षी लॉइड्स मेटल्स अँड एनर्जी या कंपनीला सूरजागड येथील ३४८.०९ हेक्टरांचा लोहखनिजाचा खाणपट्टा मिळाला. जगाच्या व्यासपीठावर संमतीचे तत्त्व मान्य होत असताना गावाच्या डोंगरावरील पट्टा त्या तत्त्वाच्या कक्षेबाहेर मंजूर झाला.

एटापल्ली तालुका संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्रात मोडतो. माडिया गोंड ही कातकरी व कोलाम यांच्यासह महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींपैकी एक आहे. सूरजागड इलाख्यातील सुमारे ७० गावे या डोंगरावरील ठाकूरदेवाला मानतात व जानेवारीत तेथे यात्रा भरते.

पट्टा मिळाला तरी उत्खनन लगेच सुरू झाले नाही. हा प्रदेश १९८० च्या दशकापासून माओवादी हिंसाचाराने ग्रासलेला होता. जून २०१३ मध्ये कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यासह काही जणांची हत्या झाली. २०१६ मध्ये उत्खननाला वेग आला, तेव्हा डिसेंबरमध्ये माओवाद्यांनी खनिज वाहतुकीची सुमारे ८० वाहने जाळली. जानेवारी २०१९ मध्ये ट्रक आणि बस यांच्या भीषण अपघातानंतर संतप्त जमावाने ट्रक पेटवले व काम थांबले. २०२१ पासून मोठ्या पोलीस बंदोबस्तात उत्खनन पुन्हा सुरू झाले. हिंसेमुळे आणखी एक हानी झाली : सनदशीर मार्गाने विरोध करणाऱ्या ग्रामस्थांकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले. बंदूक आणि बंदोबस्त यांच्या मध्ये ग्रामसभेचा ठराव क्षीण आवाजाचा ठरला.

उत्पादनाची मर्यादा वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांपर्यंत वाढवण्यासाठीची जनसुनावणी २७ ऑक्टोबर २०२२ रोजी गडचिरोली येथे जिल्हाधिकारी कार्यालयात झाली. खाणक्षेत्रापासून हे ठिकाण शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. ज्यांच्या दारात धूळ उडते त्यांनी मत मांडण्यासाठी एवढे अंतर कापावे, ही अपेक्षाच सुनावणीच्या हेतूविषयी प्रश्न निर्माण करते. २०२३ मध्ये या वाढीस पर्यावरणीय मंजुरी मिळाली. त्याच वर्षी परिसरातील आणखी सहा लोहखनिज पट्ट्यांची प्रक्रिया पुढे गेली आणि तिच्याविरुद्ध तोडगट्टा येथे मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत ग्रामस्थांनी ठिय्या आंदोलन केले. २०२५ मध्ये उत्पादनमर्यादा आणखी वाढवण्याची आणि खनिज-शुद्धीकरण प्रकल्पासाठी ९०० हेक्टरांहून अधिक वनजमीन वळती करण्याची प्रक्रिया केंद्रीय पातळीवर पुढे सरकली. या जमिनीवर एक लाखाहून अधिक वृक्ष आहेत.

५. उत्खननाचे परिणाम : जमीन, पाणी, दैवत

समर्थकांच्या मते जिल्ह्याच्या १४,४१२ चौरस किलोमीटर क्षेत्रापैकी सुमारे तीन-चतुर्थांश वनाच्छादित असताना साडेतीनशे हेक्टरांचा पट्टा नगण्य आहे. हा युक्तिवाद क्षेत्रफळाच्या हिशेबाने बरोबर, पण भूगोलाच्या हिशेबाने अपुरा आहे. डोंगरमाथा हा सपाट जमिनीच्या तुकड्यासारखा नसतो. तेथून झरे व नाले निघतात आणि पायथ्याची भातशेती त्या पाण्यावर पिकते. पावसाळ्यात खाणीतील लाल गाळ शेतांत उतरल्याच्या तक्रारी पायथ्याच्या शेतकऱ्यांनी २०२२ मध्ये केल्या. अवजड वाहतुकीमुळे रस्त्यांची दुर्दशा, अपघात आणि धूळ यांविषयीचा असंतोष तर आल्लापल्लीपर्यंत पोहोचला.

दुसरा परिणाम उपजीविकेवरील आहे. मोहफूल, तेंदूपाने, बांबू, चारोळी, मध, कंदमुळे यांवर माडिया कुटुंबाचे वर्ष चालते. या उत्पन्नाची नोंद सातबारावर नसते, म्हणून नुकसानभरपाईच्या हिशेबातही ती सहजी येत नाही. तोडलेल्या वृक्षाच्या बदल्यात अन्यत्र रोप लावता येते; परंतु मोहाचे जाणते झाड ज्या कुटुंबाचे होते, त्याला त्या रोपाचा उपयोग नाही.

तिसरा परिणाम सांस्कृतिक आहे. ठाकूरदेवाचे स्थान एखाद्या मंदिराप्रमाणे भिंतींत बंद नाही; डोंगर हेच देवस्थान आहे. पंढरपूरचा विठोबा जसा चंद्रभागेच्या वाळवंटापासून वेगळा करता येत नाही, तसा ठाकूरदेव सूरजागडपासून वेगळा करता येत नाही. यात्रेस आडकाठी नाही, एवढ्याने श्रद्धेचे रक्षण होत नाही.

या चित्राची दुसरी बाजूही मांडणे संशोधनाच्या प्रामाणिकतेसाठी आवश्यक आहे. गडचिरोली हा राज्यातील दरडोई उत्पन्नात मागे राहिलेला जिल्हा आहे. खाण आणि कोनसरी येथील प्रकल्पामुळे स्थानिक तरुणांपैकी काहींना रोजगार मिळाला आहे. आरोग्य व शिक्षणाच्या सुविधांची गरज नाकारता येत नाही. २०१५ च्या सुधारणेने जिल्हा खनिज प्रतिष्ठानाची तरतूद झाली व स्वामित्वधनाशी निगडित निधी बाधित क्षेत्रासाठी राखला गेला. तथापि, निधी मिळणे आणि निर्णयात स्थान मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली लाभार्थीची, तर दुसरी नागरिकाची ओळख होय. गावातही यावर एकमत नाही. परंतु मतभेदांचा निवाडा करण्यासाठीच ग्रामसभा असते.

त्याच जिल्ह्यात दुसरा मार्गही दिसून येतो. १९८४ मध्ये इचमपल्ली व भोपालपट्टणम या नियोजित धरणांविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभे राहिले. त्यातून प्रेरणा घेतलेल्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशातील अशा अगदी पहिल्या गावांपैकी ते एक होय. एप्रिल २०११ मध्ये बांबू वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार या ग्रामसभेकडे आला. पुढे जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांनी तेंदूचे लिलाव स्वतः केले. अधिकार मिळाल्यास गाव जंगल राखते आणि त्यातून कमावतेही, हे यातून सिद्ध झाले.

६. व्यापक संदर्भ

गडचिरोलीचे जंगल पानझडी आहे. ते विषुववृत्तीय वर्षावन नव्हे. तरीही ॲमेझॉनच्या वर्षावनातील यानोमामी समाजाशी त्याची तुलना उद्बोधक ठरते. ब्राझीलने १९९२ मध्ये यानोमामींची सुमारे ९६ लाख हेक्टर भूमी अधिकृतपणे आखून दिली. तरीही बेकायदा सोने-उत्खननाने पारा नद्यांत मिसळला, मलेरिया आणि कुपोषण वाढले व जानेवारी २०२३ मध्ये तेथे आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. ब्राझीलच्या राज्यघटनेनुसारही आदिवासी भूमीच्या पोटातील खनिजांवर मालकी संघराज्याची आहे. भूपृष्ठ लोकांचे आणि भूगर्भ शासनाचे, ही विभागणी दोन्ही देशांत समान आहे. यानोमामींच्या भूमीत बेकायदा खाणकाम झाले. सूरजागडचे खाणकाम परवान्याने होते. परवाना हा फरक मोठाच आहे, पण पाण्याला आणि मातीला तो कळत नाही.

भारतातच ओडिशातील नियमगिरीचे उदाहरण आशादायक आहे. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डोंगरिया कोंध समाजाच्या धार्मिक व सामूहिक हक्कांचा निर्णय ग्रामसभांकडे सोपवला आणि बारा ग्रामसभांनी एकमुखाने बॉक्साइट खाणीस नकार दिला. बॉक्साइट हे प्रमुख खनिज आहे. त्यावर ग्रामसभेला बोलता आले ते खनिज कायद्यामुळे किंवा 'पेसा'च्या खनिजविषयक तरतुदीमुळे नव्हे, तर वनहक्क कायद्यामुळे. सूरजागडचा पट्टा वनहक्क कायदा अमलात येण्यापूर्वीचा असल्याने तो मार्ग तेथे अवघड झाला. २०२२ च्या वन संवर्धन नियमांनी वनहक्कांची पूर्तता केंद्राच्या मंजुरीपूर्वी न तपासता राज्यांवर सोपवली; त्यामुळे नव्या पट्ट्यांबाबतही हा मार्ग अरुंद झाला आहे.

७. भीमा-घोडच्या काठावरून

शिरूर आणि दौंडच्या अभ्यासकाने सूरजागडकडे का पाहावे, या प्रश्नाचे उत्तर घोड नदीतच आहे. घोडेचा उगम आंबेगाव तालुक्यातील महादेव कोळी समाजाच्या डोंगरी मुलखात होतो. आंबेगाव व जुन्नर या तालुक्यांतील काही गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत; शिरूर व दौंड नाहीत. त्यामुळे एकाच नदीच्या वरच्या टप्प्यात गौण खनिजाबाबत ग्रामसभेच्या शिफारशीला 'पेसा'चे बळ आहे, खालच्या टप्प्यात ते नाही. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान क्षेत्रातील गौण खनिज उत्खननासही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरवली. न्यायालयाच्या निर्णयाचा मथितार्थ हाच की, ज्याला कायदा गौण म्हणतो त्याचे परिणाम गौण नसतात.

नदीकाठचा शेतकरी आणि डोंगरावरचा माडिया यांची तुलना सरसकट करता येत नाही. एकाच्या नावे सातबारा आहे, त्याचा आवाज तहसील कचेरीपर्यंत पोहोचतो. दुसऱ्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीला कागदच नव्हता. पण दोघांचाही अनुभव एका बाबतीत सारखा आहे : खनिज गावातून जाते, स्वामित्वधन कोषागारात जाते आणि खड्डा गावात राहतो.

निष्कर्ष :

१. चांदा प्रदेशातील वनहक्कांचा इतिहास हा निस्ताराच्या हक्काचे सवलतीत रूपांतर होण्याचा इतिहास आहे. १८७८ च्या कायद्याने घातलेला हा पाया स्वातंत्र्यानंतरही टिकून राहिला.

२. 'प्रमुख' व 'गौण' हे वर्गीकरण तटस्थ नाही. खनिज आणि वनोपज या दोन्ही क्षेत्रांत अल्पमूल्य वस्तूंवर ग्रामसभेला अधिकार देऊन बहुमूल्य वस्तूंवरील निर्णय राखून ठेवण्याचे कार्य या वर्गीकरणाने केले. बांबू आणि तेंदू यांचा १९९७ ते २००६ हा प्रवास त्याचे स्पष्ट उदाहरण आहे.

३. बांबू-तेंदूबाबत ही रेषा पुसता आली, याचा अर्थ ती निसर्गनियम नाही. अनुसूचित क्षेत्रातील प्रमुख खनिजांसाठीही ग्रामसभेची पूर्वसंमती 'पेसा'त समाविष्ट करणे हा संसदेच्या अधिकारातील विषय आहे. जनसुनावणी बाधित गावातच आणि माडिया भाषेच्या दुभाष्यासह घेणे, यासाठी तर कायदा बदलण्याचीही आवश्यकता नाही.

४. विकासाला विरोध की पाठिंबा, अशा द्वंद्वात हा प्रश्न मांडणे अपुरे आहे. प्रश्न निर्णयाच्या मालकीचा आहे. मेंढा (लेखा) येथील ग्रामसभेने जंगल विकून नव्हे, तर राखून उत्पन्न मिळवले. तीच निर्णयशक्ती सूरजागडच्या ग्रामसभेला मिळाली असती, तर तिने होकार दिला असता की नकार, हे आज सांगता येत नाही. तिला बंधनकारक उत्तर देण्याचा अधिकारच मिळाला नाही, एवढे मात्र इतिहास निश्चितपणे सांगतो.